आधी कार्यमुक्त, मग रुजू

अधीक्षकांच्या घरातले सर्व अधिकार बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संपले. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती त्यांनी स्वतःच वहीत लिहून ठेवली होती, लाल शाईने, खाली सहीसकट.

अधीक्षक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हुद्द्याने काही त्यांची पाठ सोडली नाही. आस्थापना शाखेत एकतीस वर्षं काढलेला माणूस. कोण रजेवर, कोणाची बदली, कोणाचा पदभार कोणाकडे, हे सगळं एके काळी त्यांना तोंडपाठ. फोन आला की ते "हॅलो" म्हणत नसत. "अधीक्षक, आस्थापना शाखा, निवृत्त," एवढं सगळं सांगायचं आणि मगच समोरच्याला बोलू द्यायचं. एकदा राँग नंबर लागलेल्या एका गृहस्थाने हे ऐकून "चुकलं साहेब, पुन्हा नाही होणार" अशी माफी मागितली होती. ती हकिकत ते आल्यागेल्याला अजून ऐकवतात.

घरात संगणक एकच, आणि तो आजवर धर्मशाळेसारखा चालला होता. कोणीही यावं, बसावं, काहीही कुठेही ठेवून जावं. अधीक्षकांच्या पत्नी, ज्यांना सगळी इमारत माई म्हणते, घरी पुस्तकबांधणी करतात. उसवलेली, पाठ निघालेली, कोपरे झिजलेली जुनी पुस्तकं त्यांच्याकडे येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. त्या प्रत्येक पुस्तकाचे आधीचे आणि नंतरचे फोटो त्या संगणकात ठेवतात. त्याच संगणकात अधीक्षकांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रं. व्हायचं तेच झालं. गेल्या वर्षी हयातीच्या दाखल्याच्या जागी वाळवी लागलेल्या, पाठीचा पुठ्ठा लोंबणाऱ्या एका ग्रंथाचा फोटो कचेरीत गेला. तिकडून उत्तर आलं, "दाखला अस्पष्ट आहे, तरी कृपया पुन्हा पाठवावा." म्हणजे तत्त्वतः त्यांना तो मान्य होता! हे अधीक्षकांच्या फार जिव्हारी लागलं.

त्यांनी परिपत्रक काढलं. यापुढे ज्याचं त्याचं स्वतंत्र खातं. अधीक्षक स्वतः प्रशासक. माई आणि परगावी नोकरी करणारी लेक, या दोघी सामान्य वापरकर्त्या. चौथं एक खातं दुकानातूनच आलेलं होतं, 'मालक' नावाचं. त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. पंख्यावर कारखान्याची पट्टी असते तसंच हे काहीतरी असणार, असं समजून अधीक्षकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पासवर्डचे नियम मात्र कडक. माईंचे पहिले तीन पासवर्ड त्यांनी 'कमकुवत' असा शेरा मारून परत केले. चौथा माईंनी असा दिला की तो टाइप करताना खुद्द अधीक्षकांची बोटं अडखळली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग जुन्या सहकाऱ्याकडे चार दिवस जायचं ठरलं. दुसरा कोणी असता तर संगणक बंद करून, कुलूप लावून निघाला असता. पण पदभार न देता मुख्यालय सोडायचं, हे अधीक्षकांना झोपेतही जमलं नसतं. त्यांनी माईंचं खातं प्रशासक केलं, स्वतःचं सामान्य केलं, पदभार दिल्या-घेतल्याचा कागद दोन प्रतींत केला, माईंची सही घेतली आणि निश्चिंत मनाने गाडीत बसले.

बुधवारी परत आल्यावर चहासुद्धा न घेता ते पदभार परत घ्यायला बसले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. एका खुर्चीवर एका वेळी दोन अधिकारी, यासारखं पाप आस्थापना शाखेत दुसरं नाही. अधीक्षकांच्या नोकरीत एकदा तसं घडलं होतं. दोघे आठ दिवस एकाच मेजावर सह्या करत होते, आणि ते निस्तरायला पुढे तीन वर्षं लागली. तेव्हापासून त्यांचा मंत्र ठरलेला: आधी कार्यमुक्त, मग रुजू. त्यानुसार त्यांनी माईंच्या खात्यात शिरून प्रथम माईंना कार्यमुक्त केलं, म्हणजे सामान्य केलं. संगणकाने हूं की चूं केलं नाही. मग ते आपल्या खात्यात आले आणि रुजू व्हायला निघाले.

पडद्यावर चौकट आली. "या कामासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे. मालक यांचा पासवर्ड टाका."

अधीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो, प्रशासक मीच!" ते संगणकाला म्हणाले. संगणकाने तीच चौकट पुन्हा दाखवली. घरात तीन माणसांची तीन खाती, तिन्ही सामान्य, आणि एकुलता एक अधिकारी म्हणजे तो कारखान्याच्या पट्टीवाला! संगणकाने माईंना निमूट कार्यमुक्त का होऊ दिलं, हे आता कळलं. त्याच्या लेखी घरात मालक शिल्लक होता.

"झालं का तुमचं?" माईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या पुस्तकं चिकटवायची खळ शिजवत होत्या. "मला तो ग्रंथालयाचा प्रोग्रॅम टाकून घ्यायचाय."

हे ऐकून अधीक्षकांनी वही उभी धरून चौकट झाकली. कारण शनिवारी चार वाजता माईंचा वर्ग होता. एका मोठ्या ग्रंथालयाने त्यांचं काम पाहून पत्र पाठवलं होतं. ग्रंथालयाचे बारा कर्मचारी सभागृहात मोठ्या पडद्यासमोर बसणार, माई घरून त्यांना फाटक्या पुस्तकाची शिवण करून दाखवणार, आणि ते पटलं तर वर्षभर दर शनिवारी शिकवायचं काम माईंना मिळणार. नाही पटलं तर सोमवारी यंत्राने बांधणी करणारे दुसरे कोणी येणारच होते. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम फोनवर चालत नव्हता, फक्त संगणकावर. आणि तो बसवायला हवी होती प्रशासकाची परवानगी. माईंना आजवर कोणी 'बाई' म्हणून शिकवायला बोलावलं नव्हतं. दहा दिवस त्या वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभ्या राहून वर्गाची तालीम करत होत्या.

"तांत्रिक कारणास्तव थोडा विलंब आहे," अधीक्षक म्हणाले.

अडचण आली की वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ न बोलावता खाली येतात. नोकरीत ते लिफ्टची तपासणी करत, आणि निवृत्तीनंतर उरलेल्या जगाची करतात. त्यांनी संगणकाकडे दुरूनच पाहिलं. "वायर काढा. दहा मिनिटं थांबा. लावा."

काढली. थांबले. लावली. चौकट तशीच.

"मग वीस मिनिटं थांबा."

वीस मिनिटांनीही फरक पडला नाही. तेव्हा सर्वज्ञ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पासवर्ड ओळखायचा. माणसाचं डोकं किती चालणार? एक ते आठ आकडे घाला." अधीक्षकांनी घातले. मग उलटे घातले. मग 'मालक' घातलं, दुकानाचं नाव घातलं, शेवटी सर्वज्ञांच्या आग्रहाखातर सर्वज्ञांची जन्मतारीखही घातली. दुकानदाराने सर्वज्ञांची जन्मतारीख कशाला ठेवली असेल, हा प्रश्न तेव्हा दोघांपैकी कोणालाच पडला नाही. पाचव्या प्रयत्नाला संगणक उखडला आणि काही वेळ कोणाचंच ऐकेनासा झाला.

"एकच उपाय," उठताना सर्वज्ञ म्हणाले. "सगळं पुसून टाका. कोरी पाटी. माझ्या भाच्याने तसंच केलं."

"मग?"

"मग काय, पाटी कोरी आहे अजून."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला सगळं ऐकवताना अधीक्षकांनी कर्ता कुठेच येऊ दिला नाही. 'केलं गेलं', 'झालं असावं', 'राहून गेलं', अशीच वाक्यं बोलले. पण लेक त्यांचीच. "म्हणजे बाबा, तुम्ही आधी आईला काढलंत आणि मग तुमच्या लक्षात आलं की तुम्ही स्वतः बाहेर उभे आहात?"

"नियमाप्रमाणे..."

"पुसू मात्र काही देऊ नका हं! आईच्या सगळ्या पुस्तकांचे फोटो आहेत त्यात."

गुरुवारी त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकली. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा. शेवटी एक मुलगी बोलली. अधीक्षकांनी शिरस्त्याप्रमाणे हुद्दा सांगितला.

"सर, या संगणकाचे प्रशासक आपण आहात का?"

"होतो."

"आणि सध्या कोण आहे?"

"पद रिक्त आहे," अधीक्षक म्हणाले. खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं.

मुलीने तेही टाइप करून घेतलं. मग अतिशय नम्रपणे म्हणाली की अशा वेळी मालकाशी संपर्क साधावा. त्यानंतर पुन्हा बासरी सुरू झाली.

शुक्रवारी माईंना कळलंच. त्या नव्याने शिवलेलं एक पुस्तक दाबून ठेवायला वजन शोधत होत्या, तेव्हा पडद्यावरची चौकट त्यांनी वाचली आणि वहीतली लाल शाईची नोंदही वाचली. अधीक्षक बोलणी खायची तयारी करून बसले होते. माईंनी पुस्तकावर इस्त्री ठेवली, हात पुसले आणि खाली बसल्या.

"मग त्यांना कळवून टाकते," त्या म्हणाल्या. "नाही जमत म्हणून. बारा माणसं ताटकळत बसतील उगाच."

त्या ओरडल्या असत्या तर अधीक्षकांनी नियम काढून दाखवला असता. हे ऐकून मात्र त्यांचं तोंड कडू झालं. ही बाई दहा दिवस चादरींना शिवण शिकवत होती, आणि आता ज्यांना कधी पाहिलं नाही त्या बारा जणांची गैरसोय नको म्हणून माघार घेत होती. आणि कोणामुळे? तर घरातल्याच एका शिस्तीच्या माणसामुळे. अधीक्षकांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"कळवू नकोस," ते म्हणाले. "उद्या चारला तू वर्ग घेशील. लेखी देतो."

"लेखी नको," माई म्हणाल्या. "तेवढं जमवा."

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच अधीक्षक दारात उभे. झेरॉक्सवाला आणि चपला शिवणारा यांच्या मधल्या गाळ्यात हे संगणकाचं दुकान. चालवणारी बाई पस्तिशीची, कानावर पेन्सिल, हातात पेचकस. अधीक्षकांनी फाईल उघडून बिल तिच्यापुढे ठेवलं. सहा वर्षांपूर्वीचं बिल, पण एक सुरकुती नव्हती.

दुकानवालीने ते नीट वाचलं. "हे नाव कोणाचं?"

अधीक्षकांनी वाकून पाहिलं. बिलावर माईंचं नाव होतं. अरे हो! ग्रंथालयांची कामं करून साठवलेल्या पैशांतून माईंनीच तर घेतला होता हा संगणक. त्या वेळी अधीक्षक कचेरीत होते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी तो कुठे ठेवायचा एवढं ठरवलं होतं. सहा वर्षं फाईल जपली, पण बिलावरचं नाव काही नीट वाचलं नव्हतं.

"माझ्या पत्नीचं," ते म्हणाले.

"मग त्यांना पाठवा. नाहीतर त्यांचं पत्र आणा. कोणीही बिल घेऊन येतं आणि पासवर्ड मागतं, असं कसं चालेल?"

"अहो, मी कुटुंबप्रमुख आहे!"

"काका, बिलावर कुटुंबप्रमुखाचा रकाना नसतो."

अधीक्षकांना संताप यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्यांनी तिला शंभर पैकी शंभर दिले. एकतीस वर्षांत इतका चोख नकार त्यांना स्वतःलाही फार थोड्या वेळा देता आला होता.

घरी येऊन त्यांनी पत्राचा मसुदा केला. "माझे पती यांना सदर संगणकाबाबत सर्व अधिकार देण्यात येत आहेत." माईंचे हात खळीने माखलेले. त्यांनी पदराला बोटं पुसली, पत्र वाचलं, 'सर्व अधिकार' वर आडवी रेघ मारली, वर 'विचारपूस करण्याचा अधिकार' असं लिहिलं आणि सही केली. दोन ओळींवर खळीचा अंगठा उमटला. अधीक्षकांनी सवयीप्रमाणे खाडाखोडीशेजारी माईंची लहान सही मागितली, आणि माईंनी ती दिलीही, फक्त एकदा त्यांच्याकडे पाहून.

पत्र घेऊन पोचले तर दुकानाचं शटर खाली. एक ते अडीच जेवणाची सुट्टी. वाजले होते एक पाच.

अधीक्षक पायरीवर बसले. शेजारी चपला शिवणाऱ्याने विचारलं, "काही काम होतं का साहेब?" नेहमीचे अधीक्षक असते तर हुद्द्यापासून सुरुवात केली असती. पण हातात बायकोचं पत्र, त्यावर खळीचा अंगठा, आणि बंद शटरसमोर उन्हात बसलेलं. "बायकोचं काम आहे," एवढंच ते म्हणाले. दीड तास बसून राहिले. आपल्या खिडकीसमोरच्या बाकावर किती माणसं अशी बसवली असतील, हा हिशेब त्यांनी करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

अडीचला दुकानवाली आली. पत्र वाचलं, अंगठा पाहिला, बिलावरच्या सहीशी सही जुळवली. "ठीक आहे. पण पासवर्ड मी सांगत नाही, घरी येऊन घालते. हातातलं काम तेवढं उरकते."

हातातलं काम उरकायला तीन पाच झाले. मग अधीक्षक तिच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर तिची हत्यारांची पेटी घेऊन, भर रस्त्यातून घरी आले. सर्वज्ञ गॅलरीत उभे होतेच. "काय हो, अपघात?" ते वरून ओरडले. अधीक्षकांनी मान वर केली नाही.

तीन पंचवीस. माई टेबलावर सगळं मांडून बसल्या होत्या: दाभण, दोरा, पुठ्ठा, खळीची वाटी, आणि उसवलेलं एक जुनं पुस्तक. संगणकाकडे त्या बघत नव्हत्या. दुकानवालीने दोघांकडे पाठ करून पहिला पासवर्ड घातला. नाही. दुसरा घातला. नाही. "आम्ही तीनच वापरतो सगळ्या मशीनना," ती म्हणाली. तिसरा घातला आणि सहा वर्षं मिटलेलं 'मालक' हे खातं उघडलं.

"आता सांगा," खुर्ची अर्धी वळवून ती म्हणाली. "प्रशासक कोणाला करू?"

वाचकहो, हा प्रश्न दोन सेकंदांचा वाटतो. पण ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांच्या नेमणुका केल्या, त्याला एकदाच मनापासून नेमणूक करायची वेळ आली होती, आणि घरात पद एकच होतं. आपल्यालाही सोबत ठेवा, असं म्हणता आलं असतं. संगणकाची काही हरकत नव्हती. पण एका खुर्चीवर दोघे, हे अधीक्षकांना आजही मान्य नव्हतं.

"हिला," ते म्हणाले. "एकटीला."

"आणि तुम्ही?"

"सामान्य," अधीक्षक म्हणाले.

तीन त्रेचाळीसला माईंनी स्वतःच्या हाताने पासवर्ड घातला, आणि ग्रंथालयाचा प्रोग्रॅम चालू झाला. तीन बावन्नला लक्षात आलं की संगणकाला जोडलेला कॅमेरा टेबलावरच्या दिव्याला टांगायचा राहिलाय. दोरी बांधायला वेळ नव्हता. अधीक्षकांनी तो उचलला आणि माईंच्या हातांवर धरला.

बरोबर चारला पडद्यावर सभागृह आलं. बारा माणसं, पुढे ग्रंथपालबाई. माईंचा पहिल्या दोन वाक्यांना आवाज फुटेना. मग माईंनी पुस्तक हातात घेतलं, आणि हात चालायला लागल्यावर आवाजही आला. "आधी पुस्तकाला विचारायचं, कुठे दुखतंय," त्या म्हणाल्या. "वरवर पुठ्ठा चिकटवला की रोग आतच राहतो." एकेक जुना टाका त्या दाभणाच्या टोकाने सोडवत होत्या, आणि अधीक्षक ते हात चार बोटांच्या अंतरावरून पाहत होते. घरात इतकी वर्षं हे काम चाललेलं, पण त्यांनी आजवर पाहिला होता तो फक्त टेबलावरचा पसारा. दोरा किती ओढायचा आणि कुठे थांबायचं, हे त्या बोटांना न बघता कळत होतं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला. असा अभिमान त्यांना स्वतःच्या बढतीच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता, आणि बढती पहिल्या यादीत झाली होती.

"जरा खाली घ्या," माई काम न थांबवता म्हणाल्या. "डावीकडे. आता हलू नका."

बारा परक्या माणसांसमोर मिळालेला हुकूम अधीक्षकांनी बिनतक्रार पाळला. खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या, नाकावर माशी बसून निवांत गेली. ते हलले नाहीत.

पाच वाजून दहा मिनिटांनी शिवलेलं पुस्तक माईंनी उघडून, मिटून दाखवलं. सभागृहात टाळ्या वाजल्या. ग्रंथपालबाई पुढे आल्या. "बाई, आमच्याकडून ठरलं. वर्षभर, दर शनिवारी. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल," माई म्हणाल्या. मग वाटलं असावं की फारच लवकर बोलले, म्हणून पुन्हा एकदा, जरा सावकाश, "चालेल."

"आणि हा कॅमेरा कोण धरतंय? तासाभरात जरासुद्धा हलला नाही. त्यांना दाखवा ना एकदा."

माईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. अधीक्षकांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. मोठ्या पडद्यावर त्यांचा घामेजलेला चेहरा आला असणार. त्यांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली.

"मी यांचा मिस्टर," ते म्हणाले, आणि कॅमेरा पुन्हा माईंच्या हातांवर नेला.